घर आवरायचा उत्साह टिकत का नाही? घरसफाईच्या इतिहासातून मिळणारं उत्तर

दिवाळी जवळ आली की काही ठरावीक तक्रारी घेऊन रुग्ण दवाखान्यात यायला लागतात. कुणाच्या शिंका माळा साफ केल्यापासून थांबत नाहीत, कुणाची कंबर कपाट सरकवताना धरलेली असते, कुणाचा दमा धुळीने उसळलेला असतो. तपासून झाल्यावर उठता उठता बऱ्याच जणी एक वाक्य हमखास बोलतात, "डॉक्टर, दरवर्षी ठरवते की आता घर असंच ठेवायचं. पंधरा दिवसही टिकत नाही. मीच आळशी आहे बहुतेक."

तुम्हालाही असं वाटत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नोकरी, शाळा, क्लास, आजारी सासूबाई किंवा आई, दोन खोल्यांत पाच माणसं, अशा घरात साफसफाईचा उत्साह टिकत नाही यात नवल नाही. नवल याचं वाटायला हवं की हे काम उत्साहावर चालेल अशी अपेक्षा आपण कधीपासून करायला लागलो. घरसफाईचा इतिहास पाहिला तर लक्षात येतं की हे काम एकट्या माणसाच्या उत्साहावर फारसं कधी चाललेलंच नाही. ते कशावर चालायचं आणि मधल्या काळात त्यातलं काय सुटलं, ते पाहू.

सण म्हणजे सफाईचं वेळापत्रक

आपल्याकडे पूर्वी घर कधी साफ करायचं हे कुणाला ठरवावं लागत नसे. पंचांग ते ठरवून देई. मृग लागायच्या आत घर शाकारून व्हायला हवं. उन्हाळ्यात धान्य, डाळी, मिरच्या उन्हात घालायच्या, पापड-कुरडया वाळवायच्या आणि त्या निमित्ताने डबे-कणग्या रिकाम्या करून पुसायच्या. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण, गोधड्यासुद्धा, नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायचं. दिवाळीच्या आधी जळमटं काढायची, भिंतींना चुना द्यायचा, जमीन सारवायची. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. केरसुणीलाच आपण लक्ष्मी म्हणतो आणि सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची प्रथाही याच रात्रीची.

या वेळापत्रकाकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिलं तर ते हवामानाला धरून आहे. चार महिने पावसाने भिंती ओल्या राहतात, बुरशी धरते, पांघरुणं दमट होतात. अश्विनात पाऊस ओसरतो, कडक ऊन पडतं आणि गोधड्या एका दिवसात खडखडीत वाळतात. धुणं नेमकं तेव्हाच येतं. हीच गोष्ट सारवणाची. शेणात जंतू मारण्याची शक्ती असते असं अनेकांना वाटतं, पण तसं मानू नका. उलट शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. सारवणाचा खरा उपयोग असा की मातीची जमीन दाबून बसते आणि धूळ उडत नाही.

या व्यवस्थेत तीन गोष्टी होत्या. पहिली, ठरलेली वेळ. घट बसायचा दिवस पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे काम "नंतर बघू" वर जात नसे. दुसरी, अनेक हात. चुना पुरुष देत, पोरं पाणी आणत, बायका सारवत, धुण्याला शेजारणीही बरोबर असत. तिसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. ती म्हणजे नको असलेल्या वस्तूला घराबाहेर पडायची वाट होती. जुनं लुगडं गोधडीत जाई. गोधडी विरली की तिचं पोतेरं होई. शहरात बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडं देऊन जायची. रद्दीवाला आणि भंगारवाला दारावर यायचे. मुळात घरात सामानच कमी होतं. एका ट्रंकेत माणसाचे सगळे कपडे मावत.

म्हणून जुना काळ सोन्याचा होता असं मात्र म्हणायला नको. बायकांची कंबर यात मोडून जायची, पाणी डोक्यावरून आणावं लागायचं, आणि गावातली सगळ्यात घाणेरडी कामं जातीच्या नावाखाली काही माणसांवर लादलेली होती. मुद्दा एवढाच की काम उत्साहाची वाट बघत थांबत नव्हतं.

वासाची भीती

एकोणिसाव्या शतकात घरसफाईला एक नवं कारण मिळालं, ते म्हणजे रोग. त्या काळी युरोपातले बहुतेक डॉक्टर मानत की कुजलेल्या, घाण वासाच्या हवेतून रोग होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही यावर विश्वास होता. १८५९ साली त्यांनी शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात निरोगी घराला पाच गोष्टी लागतात असं सांगितलं: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा नीट निचरा, स्वच्छता आणि उजेड. कोरड्या फडक्याने झटकलं तर धूळ फक्त इकडून तिकडे जाते, ओल्या फडक्याने पुसा, हेही त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. कारण चुकीचं आणि सल्ला बरोबर, असं त्यांच्या बाबतीत बऱ्याच ठिकाणी झालं. पण कारण चुकीचं असलं की सल्लाही कधीतरी चुकतोच. ते आपल्या मुंबई-पुण्यानं फार महागात अनुभवलं.

१८९६: घर धुतलं, पण उंदीर राहिले

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचं ओळखलं. डॉ. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींचा भाग. महापालिकेने सफाईचा धडाका लावला. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड सोडलं. घरांना चुना फासला. ऊन-वारा आत यावा म्हणून छपरांची कौलं काढली. ज्या खोल्या राहण्यास अयोग्य ठरवल्या, त्यांवर यू. एच. एच. अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. लोक शहर सोडून पळू लागले आणि त्यांच्याबरोबर रोगही बाहेर गेला.

१८९७ मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. स्वयंपाकघर, देवघर काही सुटलं नाही. सामान रस्त्यावर आलं, जाळलं गेलं. चीड इतकी वाढली की २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्यांना स्वतःला लागण झाली होती.

एवढी धुलाई होऊनही साथ का हटली नाही? याचं उत्तर १८९८ मध्ये कराचीत मिळालं. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवांमधून माणसापर्यंत येतो. सुरुवातीला त्याच्यावर फार कुणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या मोठ्या अभ्यासाने त्याचं म्हणणं पक्कं केलं. आता मागे वळून पाहा. भिंतीला चुना दिल्याने उंदीर जात नाही. तो उघड्या धान्यामुळे येतो आणि भोकं बुजवली तर अडतो. गटारं खळखळून धुतली तर तो बाहेर पडून शेजारच्या घरात शिरतो.

तुमच्या-आमच्यासाठी यातून दोन धडे निघतात. घर डोळ्यांना स्वच्छ दिसणं आणि आरोग्यासाठी स्वच्छ असणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. काय साफ करायचं आणि का, हे कळलं नाही तर श्रम वाया जातात. दुसरा धडा असा की धाकाने करवून घेतलेली सफाई धाक संपला की संपते. घरात मुलांवर ओरडून कपाट लावून घेतलं तर ते किती दिवस टिकतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

खराटा हातात घेतलेला माणूस

याच प्लेगच्या काळात विदर्भात एक तरुण शेतात राबत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातला. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं ते गावोगाव फिरले. त्यांची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. गावात शिरलं की आधी हातात खराटा घ्यायचा आणि रस्ता झाडायला लागायचं. कुणाला बोलवायचं नाही, कुणाला रागवायचं नाही. बघता बघता दोन-चार माणसं सामील व्हायची. दिवसभरात गाव स्वच्छ व्हायचं आणि रात्री कीर्तन व्हायचं.

यात काम अगोदर सुरू होतं आणि उत्साह मागून येतो. कामाला सोबत आहे. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून बसण्याचा आनंद आहे. काम उरकलं की लगेच काहीतरी गोड हाती लागतं. २००० साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचं नाव दिलं, तेव्हा त्यातही गावांची स्पर्धा आणि बक्षीस होतं, सक्ती नव्हती.

धूळ घराबाहेर कशी न्यायची?

आता थोडं बाहेरच्या देशांकडे वळू, कारण आज आपल्या घरात जी यंत्रं आहेत त्यांची गोष्ट तिथे सुरू होते. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला आणि रोग वासातून नव्हे, जंतूंमुळे होतात हे हळूहळू लोकांना पटलं. धुळीची भीती वाढली. प्रश्न असा होता की झाडूने धूळ उडते, मग ती घराबाहेर न्यायची कशी?

१९०१ मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने धूळ ओढून घेणारं यंत्र बनवलं. कल्पना तपासायला त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली होती आणि रुमालावर धुळीचा डाग उमटला होता. (हा प्रयोग घरी करू नका!) त्याचं यंत्र इतकं मोठं होतं की ते घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभं करत आणि खिडकीतून नळ्या आत सोडत. घरात वापरता येईल असं विजेचं हलकं यंत्र अमेरिकेत ओहायोमधल्या जेम्स मरे स्पँगलर या सफाई कामगाराने बनवलं. त्याला दमा होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा जीव घाबरा व्हायचा. पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा जोडून त्याने जुगाड केला. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

धुळीने दमा का उसळतो याचं एक मोठं उत्तर मात्र १९६० च्या दशकात मिळालं. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या वोरहोर्स्ट आणि स्पिक्स्मा या संशोधकांनी दाखवलं की घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे अष्टपाद किडे असतात. त्यांना डस्ट माइट म्हणतात. माणसाच्या त्वचेचा कोंडा खाऊन ते जगतात आणि दमट हवेत वाढतात. त्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे गादी, उशी आणि पांघरूण. त्यांच्या विष्ठेतल्या कणांची अनेकांना अॅलर्जी असते. पावसाळ्यानंतर गोधड्या धुण्याच्या जुन्या रीतीला हे कारण माहीत नव्हतं, पण घाव बरोबर जागी बसत होता.

यंत्रं आली, हात गेले

धुलाई यंत्र आलं, गॅस आला, नळ आला. मग घरकाम कमी व्हायला हवं होतं. अमेरिकेत जोअॅन वानेक यांनी १९७४ मध्ये जुन्या नोंदी तपासल्या. पूर्णवेळ गृहिणी १९२० च्या दशकात घरकामाला आठवड्याचे साधारण ५० हून थोडे जास्त तास देत होत्या. १९६० च्या दशकात, सगळी यंत्रं आल्यावरही, आकडा जवळपास तोच होता.

असं का झालं, हे इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात उलगडलं आहे. चुलीच्या काळात लाकूड पुरुष फोडायचे. गॅस आल्यावर त्यांचं काम संपलं, पण स्वयंपाक बाईकडेच राहिला. पाणी मुलं आणायची. नळ आल्यावर ती सुटली. कपडे धुवायला बाहेरची माणसं असायची, मशीन आल्यावर ते काम घरातल्या बाईकडे आलं. वर अपेक्षा वाढल्या. पूर्वी आठवड्याला बदलला जाणारा कपडा रोज धुवायला पडू लागला. यंत्रांनी श्रम कमी केले हे खरं, पण कमी झाले ते बहुतेक इतरांचे. घरातली बाई त्या कामात एकटी उरली.

आपल्याकडचं चित्र वेगळं नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात ८१ टक्के स्त्रियांनी विनामोबदला घरकाम केल्याची नोंद आहे, पुरुषांत हे प्रमाण २६ टक्के आहे. जे हे काम करतात त्यांतही स्त्रिया रोज सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं. स्त्रियांचे हे जवळजवळ पाच तास झाले. नोकरीही करणाऱ्या बाईला शनिवारी माळा साफ करायचा उत्साह येत नसेल, तर तो आळस कसा? तो थकवा आहे.

त्यात सामान वाढलं. लॉस एंजेलिसमध्ये या शतकाच्या सुरुवातीला नोकरदार जोडप्यांच्या ३२ घरांचा संशोधकांनी बारकाईने अभ्यास केला. त्या अभ्यासातला एक निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रिया आपल्या घराचं वर्णन पसारा, अर्धवट राहिलेली कामं अशा शब्दांत करत होत्या, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. पसाऱ्यामुळेच ताण येतो, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. ताणामुळे पसारा होत असेल किंवा दोन्ही एकमेकांना वाढवत असतील. पण घर बघूनच दमल्यासारखं होतं, असं तुम्ही म्हणता तेव्हा ती तक्रार आम्ही डॉक्टरांनी हसण्यावारी नेऊ नये, एवढं नक्की.

अकरा मुलांचं घर

मग गजबजलेल्या घरात हे जमवायचं कसं? अमेरिकेतल्या गिलब्रेथ कुटुंबाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ दोघेही कारखान्यांतल्या कामाचा अभ्यास करायचे. कमी हालचालींत काम कसं होईल हा त्यांचा विषय. त्यांना बारा मुलं झाली. एक मुलगी लहानपणीच घटसर्पाने गेली, अकरा वाढली. दोन मुलांनी पुढे १९४८ मध्ये या घराची गंमत पुस्तकात लिहिली.

बाथरूममध्ये तक्ते लावलेले असत. लिहिता येणाऱ्या प्रत्येक मुलाने दात घासले, अंघोळ केली, अंथरूण आवरलं की आपल्या नावाची अक्षरं तक्त्यावर लिहायची. रविवारी घरातल्या सगळ्यांची सभा भरे आणि कामं तिथे वाटली जात. जास्तीचं काम असेल तर मुलं त्यासाठी बोली लावत. सगळ्यात कमी पैशांत करायला तयार होईल त्याला ते मिळे. त्यांच्या घरी नोकरमाणूसही होतं, हे सांगायला हवं. तरीही आईने आठवण करून देण्याचं ओझं तक्त्याने उचललं होतं. बऱ्याच घरांत काम करण्यापेक्षा "हे राहिलं, ते करायचंय" हे डोक्यात वागवण्यानेच बाई जास्त दमते.

१९२४ मध्ये फ्रँक अचानक गेले. लिलियन यांनी अकरा मुलं वाढवत काम चालू ठेवलं आणि आपली नजर स्वयंपाकघराकडे वळवली. पायाने उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय सहसा त्यांना दिलं जातं. ज्या कामाला कमी पावलं आणि कमी वाकावं लागतं, ते काम आपोआप जास्त वेळा होतं, हे त्यांचं सूत्र.

मग आपण काय करायचं?

आता सगळं एकत्र बांधू. पूर्वी ठरलेली वेळ होती, अनेक हात होते आणि वस्तूंना बाहेर जायची वाट होती. प्लेगने शिकवलं की कारण कळायला हवं. या चार गोष्टी परत आणायच्या.

१. कारणाप्रमाणे वार ठरवा. सगळं घर चकाचक करायचा संकल्प सोडा. आरोग्यासाठी खरोखर महत्त्वाची कामं थोडीच आहेत.
- आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी: पिंप, बादल्या, फुलदाण्या, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करून घासायच्या. डेंग्यूचा डास अंड्यातून बाहेर पडून उडायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवडा. नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासायचं.
- चादरी आणि उशांचे अभ्रे: घरात दमा किंवा अॅलर्जी असेल तर दर आठवड्याला, शक्यतो ६० अंशांच्या गरम पाण्यात. गाद्या उन्हात टाकल्या की दमटपणा जातो, पण अॅलर्जीचे कण उन्हाने नष्ट होत नाहीत. ते धुवून आणि घराबाहेर झटकूनच जातात.
- रोज: स्वयंपाकाचा ओटा, उघडं अन्न, ओला कचरा. उंदीर आणि झुरळं यांवरच जगतात.
- वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नवरात्राआधी: माळा, भिंतींची ओल, कपाटांमागची बाजू.

बाकी सगळं हौसेचं. झालं तर उत्तम, नाही झालं तर कुणी आजारी पडत नाही.

२. काम दुसऱ्या सवयीला बांधा. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, काहींना आठ महिन्यांहून जास्त लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा "रविवारी चहानंतर पिंप घासायचं" असं ठरवा. एक रविवार हुकला तर पुढचा आहेच.

३. तक्ता भिंतीवर, डोक्यात नाही. फ्रिजवर कागद चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यावर घाला. घरातल्या पुरुषांचंही. सहा वर्षांचं मूल मोजे जोड्या लावून ठेवू शकतं. आजोबा बसल्या बसल्या औषधांच्या तारखा तपासू शकतात. काम दिलं की ते त्यांच्या पद्धतीने होऊ द्या. घडी वाकडी असली तरी चालेल.

४. बाहेर जायची वाट ठेवा. दाराजवळ एक पिशवी कायम ठेवा, द्यायच्या वस्तूंसाठी. भरली की त्याच आठवड्यात गेली पाहिजे. ये-जा करायच्या वाटेवरचं सामान पहिलं हलवा. वयस्कर माणसं घरातल्या घरात पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं, त्यामागे पायात येणारी वायर, पायपुसणं किंवा स्टूल हे एक नेहमीचं कारण असतं.

५. सफाईने आजारी पडू नका. ब्लीच आणि संडास धुवायचं आम्लयुक्त द्रव कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच अमोनिया असलेल्या द्रवातही मिसळू नका. दमा असलेल्या माणसाने माळा साफ करू नये. करावाच लागला तर मास्क लावून, ओल्या फडक्याने, खिडकी उघडून, आणि पंप जवळ ठेवून. हलत्या स्टुलावर एकट्याने चढू नका. जड वस्तू दोघांनी उचला. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या गिळल्याने काही मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात.

एक गोष्ट शेवटी सांगते. घर आवरायचा कंटाळा येणं सामान्य आहे. पण पूर्वी सहज होणारी रोजची कामंही कित्येक आठवडे नकोशी वाटत असतील, झोप बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका. नैराश्य, थायरॉइडचा आजार आणि रक्तातलं हिमोग्लोबिन कमी होणं यांतही असंच होतं. अशा वेळी आधी डॉक्टरांना भेटा. तपासणी होऊ द्या, उपचार सुरू होऊ द्या. माळा पुढच्या दिवाळीतही साफ करता येईल.